अक्का, परमनंट नोकरी सोडून मातीकामात परत जाऊ का?

पत्र थोडक्यात असं आहे. (ओळख पटू नये म्हणून नाव-गाव काढलंय, एकदोन तपशील बदललेत.)

लिहिणारा मुलगा २७ वर्षांचा, खानापूर तालुक्यातल्या एका गावचा. बी.कॉम. झालाय, बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात अकाउंट्स आणि डिस्पॅच बघतो, आता परमनंट आहे, हातात १९ हजार येतात, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आहे. घराणं कुंभाराचं. आजोबा चाकावर गावठी नळीची कौलं करायचे, मंगलोरी कौलं आली आणि ते काम गेलं. वडील, म्हणजे अप्पा, मग कौलांच्या कारखान्यात लागले, सगळीकडं स्लॅबची घरं व्हायला लागली आणि तो कारखाना बंद पडला. पुढं मिळेल ते काम करून त्यांनी पोरांना शिकवलं. चुलते मात्र अजून गावात माठ-पणत्या करतात. मध्यंतरी हा मुलगा मित्रांबरोबर गोव्याला गेला, तिथं एका दुकानात हातानं केलेला कप ६५० रुपयांना बघितला आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच आहे. सुट्टीच्या दिवशी चुलत्याच्या चाकावर बसतो, जमायला लागलंय. आता नोकरी सोडून स्वतःचा स्टुडिओ काढायचा म्हणतोय. अप्पा म्हणाले, “ज्यातनं तुला बाहेर काढलं त्यातच परत जायलास काय?” आणि तेव्हापासून नीट बोलत नाहीत. घरच्या कर्जाचा हप्ता ७ हजार आहे, अजून दोन वर्षं जायचाय. चंदगडकडचं एक स्थळ आलंय, मुलगी ह्याला आवडलीय, खरं त्यांना मुलगा परमनंटच पाहिजे. पत्राच्या शेवटी विचारलंय, “अक्का, सेफ लाइफ जगून आतल्या आत मरायचं, का स्वप्नामागं जाऊन घरच्यांना दुखवायचं?”

तुझा हा शेवटचा प्रश्न मला खटकला म्हणून तिथूनच सुरू करते. एकीकडं आतल्या आत मरायचं, दुसरीकडं घरच्यांना दुखवायचं, दोन्हीकडं वाईटच लिहिलंयस तू, आणि प्रश्न असा मांडला की माणूस एकतर चिडून राजीनामा देतो नाहीतर कपाळाला हात लावून बसतो, विचार करायचा दोन्हीकडं राहूनच जातो. अशी पत्रं आपल्या भागातनं सारखी येतात, निपाणीकडनं, चिकोडीकडनं, शहापूर-वडगावातनं, कुणाला गाणं शिकायला धारवाडला जायचं असतं, कुणाला पुण्यातली नोकरी सोडून गावात गोठा घालायचा असतो, आणि सगळ्यांनी एक गोष्ट धरूनच चाललेली असते की नोकरी म्हणजे सेफ आणि मनातलं काम म्हणजे रिस्क. त्यामुळं तुला उत्तर देताना त्या सगळ्यांशीही बोलतेय असं समज.

सेफचं म्हणशील तर तुझ्याच पत्रात सगळं आलंय, तू लिहिलंयस खरं लक्ष दिलं नाहीस. आजोबांच्या काळात गावठी कौलं करणं हे सेफच काम होतं की. आपल्याकडं पाऊस एवढा, जांबोटी-कणकुंबीकडं तर विचारायलाच नको, दरवर्षी पावसाच्या आधी घरं शाकारायची, फुटकी कौलं बदलायची, म्हणजे कुंभाराला दरवर्षी काम ठरलेलं. मग साच्यात दाबून केलेली, एकात एक बसणारी मंगलोरी कौलं आली (मंगळूरला बासेल मिशन ह्या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेनं १८६५ मध्ये कारखाना काढला, तिथनं ती चाल सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली) आणि हाताच्या कौलाला कोण विचारेना. अप्पांना कारखान्यात काम लागलं तेव्हा गावातली माणसं म्हणालीच असतील की बरं झालं, पोराला महिन्याचा पगार सुरू झाला. मग स्लॅब आला. म्हणजे ज्याला पक्कं काम म्हणून धरलं ते तुमच्या घरात दोन पिढ्यांत दोनदा हातातनं गेलंय, आणि त्यात आजोबांची काही चूक नव्हती आणि अप्पांचीही नव्हती.

तुझ्या ऑफिसचंही तसंच बघ. उद्यमबागेतल्या फौंड्र्या, मशीन शॉप, हायड्रॉलिकचे कारखाने दुसऱ्या गावच्या मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरीवर चालतात, तिकडं गाड्यांचा नाहीतर पंपांचा खप कमी झाला की इकडं पहिला ओव्हरटाइम बंद होतो, हे तू डिस्पॅच बघतोस म्हणजे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आपल्या गावांत अजून एक पक्की वाट होती, बेळगावच्या मराठा सेंटरला, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीत, भरती व्हायचं, एकदा मिलिटरीत लागला की जन्माची काळजी मिटली. २०२२ पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी घेतात आणि त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के पोरांना पुढं कायम करतात. बाकीच्यांना पंचविशीच्या आसपास पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागणार. म्हणजे आपल्या वडिलांच्या वेळचा पक्केपणा आता सहसा कुठंच राहिला नाही.

खरं ह्याचा अर्थ तुझी नोकरी कवडीमोलाची आहे असा अजिबात काढू नकोस. ती काय काय देते ते एकदा कागदावर लिही. पगार तर आहेच. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय लागू आहे, त्यात तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचंही औषधपाणी होतं, नोकरी सुटली की हे पुढं फार दिवस चालत नाही. पीएफमध्ये कंपनी आपला वाटा घालते. शिवाय पगाराची स्लिप दाखवून कर्ज मिळतं, आणि पाच तारखेला पैसे येणार म्हटल्यावर घरातली माणसं निवांत झोपतात. एवढं सगळं सोडायचं तर त्याच्या बदल्यात काय मिळतंय ते नीट बघितलं पाहिजे. आणि इथं मला तुझं पत्र थोडं कच्चं वाटलं, वाईट वाटून घेऊ नकोस.

तू गोव्यातल्या कपाबद्दल लिहिलंयस, दुकानातल्या लाइटबद्दल लिहिलंयस, चाकावर बसलं की वेळ कसा जातो कळत नाही असं लिहिलंयस, आणि ते वाचून मला खरंच बरं वाटलं. खरं सगळ्या पत्रात भट्टीबद्दल एक ओळ नाही. तो कप बहुतेक ग्लेज केलेला (वर काचेसारखा थर चढवलेला) स्टोनवेअरचा असणार, त्याला १२०० डिग्रीच्या वर भाजावं लागतं, त्याची माती वेगळी असते, भट्टी गॅसची नाहीतर इलेक्ट्रिकची असते. तुझे चुलते लाकूड-भुश्यावर भाजतात ती भट्टी ९०० च्या आसपास जात असेल, आणि आपली लाल माती त्याच्या फार वर नेली तर फुगते, वाकते, वितळते पण. म्हणजे चुलत्याकडं तू जे शिकतोयस आणि गोव्यात जे विकायचं म्हणतोयस ती दोन निरनिराळी कामं आहेत, हात तोच लागतो, बाकी माती, भट्टी, भांडवल, गिऱ्हाईक सगळं वेगळं. लाल मातीचंही चांगलं काम होतं, बागेच्या कुंड्या, स्वयंपाकाची भांडी, दिवे, भिंतीवर लावायच्या वस्तू, दह्याची भांडी, त्यालाही शहरात आता मागणी आहे, पण तुला नक्की कुठलं करायचंय हे आधी ठरायला पाहिजे, कारण एकाला थोडक्या पैशात सुरुवात होते आणि दुसऱ्याला नुसती भट्टी घ्यायची तरी मोठं कर्ज काढावं लागतं.

६५० चाही हिशेब करून बघ, तू अकाउंट्सचा माणूस आहेस. त्यातनं दुकानदार आपला मोठा वाटा काढणार, दुकानाचं भाडं, जाता येता फुटणं, पॅकिंग, आणि तो कप करणाऱ्याचं नाव व्हायला गेलेली वर्षं, हे सगळं त्या किमतीत आहे. नवीन माणसाला दुकानदार कपामागं समजा २०० देतो म्हणाला (आकडा मी उदाहरणाला धरलाय) आणि माती, ग्लेज, गॅस, पॅकिंग धरून तुला ८० खर्च आला तर हातात १२० राहिले. हप्त्याचे ७ हजार आणि घरात द्यायचे १० हजार म्हटले तर १७ हजारांसाठी महिन्याला १४२ कप विकले गेले पाहिजेत, आणि तडकलेले, वाकडे झालेले, ग्लेज उडालेले वजा जाणार म्हणून करायचे त्यापेक्षा बरेच जास्त. हे होत नाही असं मी म्हणत नाही, करणारी माणसं आहेत. पण त्यासाठी महिन्यात किती दिवस चाकावर, किती दिवस भट्टीजवळ आणि किती दिवस गिऱ्हाइकाच्या दारात जाणार ते मांडून बघ.

आता अप्पा. तुझ्या सगळ्या पत्रात ते अडवणारा माणूस म्हणून आलेत, आणि मला ते तसे दिसत नाहीत. तुमच्या घरात मातीचं काम काय असतं हे पोटाला चिमटा काढून शिकलेला माणूस तेच आहेत. माती चाळून खडे काढायचे, राख-लीद घालून मळायची, माठ थापटून थापटून वाढवायचा, ऐन वाळवणात पाऊस आला की धावत सगळं आत घ्यायचं, भट्टी उघडल्यावर निम्मा माल तडकलेला निघाला तर त्या दिवशी घरात काय शिजायचं, हे त्यांनी बघितलंय. आणि अजून एक गोष्ट त्यांनी बघितलीय जी तू बघितली नाहीस. आठवडी बाजारात आजोबांच्या माठाला बोटानं टकटक वाजवून लोक पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करायचे, नवरात्राचे घट आणि संक्रांतीची सुगडं बलुत्यावर द्यायची, वर्षाच्या शेवटी पसाभर धान्य घालताना माणसं कसं बोलायची ते त्यांच्या मनात असणार. तीच माती शहरातल्या, शिकलेल्या घरातल्या पोरानं हातात घेतली की तिला आर्ट गॅलरीत जागा मिळते, आणि कुंभाराच्या पोरानं घेतली की लोक म्हणतात शिकून काय उपयोग झाला, शेवटी चाकावरच बसला. हे अन्यायाचं आहे आणि मला त्याचा राग येतो, खरं अप्पांना हे माहीत आहे म्हणून ते घाबरलेत. तुला ऑफिसात टेबल मिळालं ह्याचा त्यांना अभिमान आहे तो नुसत्या पगाराचा नाही.

आणि तू पत्रात सहज लिहून गेलास की सुट्टीच्या दिवशी काकाकडं जातो. अप्पांनी काम सोडलं आणि त्यांचा भाऊ त्यातच राहिला, भावाभावांत ह्यावरनं काहीतरी झालं असेल, निदान मनात तरी असेल, आणि आता त्यांचा मुलगा शिकायला जातो तो त्या भावाकडं. माझ्या मते ह्यातनंच हा अबोला आलाय, राजीनाम्याच्या बोलण्यानं तो फक्त वर आला. तू त्यांना कधी विचारलंस का की अप्पा, तुम्ही मला एकदा दाखवा?

त्यांची परवानगी आत्ता मागू नकोस, माहिती माग. शंभर नग भट्टीत घातले तर किती नीट निघायचे, कुठल्या तळ्याची माती चांगली होती आणि का, उधारी कोण बुडवायचं, पावसाळ्याचे चार महिने घर कसं चालायचं, आजोबांनी नळीची कौलं सोडून दुसरं काही करून बघितलं का. हे विचारताना वहीत लिहून घे, त्यांच्या समोर लिही. एक तर तुला कुठल्याही कोर्समध्ये मिळणार नाही असली माहिती मिळेल. दुसरं असं की, ज्या कामाला आयुष्यभर लोकांनी हलकं धरलं ते आपला शिकलेला मुलगा लिहून घेतोय हे त्यांना दिसेल. ते लगेच हो म्हणतील अशी आशा ठेवू नकोस. बोलायला लागले तरी पुष्कळ झालं.

आणि तूही स्वतःला एक गोष्ट खरी खरी विचार. माती आवडतेय का टेबल नकोसं झालंय? ऑफिसात एखादा साहेब त्रास देत असला, तीच ती बिलं करून जीव विटला असला, तर बाहेरचं काहीही सोन्याचं वाटतं, आणि मग माणूस ज्या कामात जातो तिथंही वर्षभरानं तसाच विटतो. हे ओळखायला माझ्याकडं एक साधी परीक्षा आहे, आणि ती गाणं, खेळ, शेती, दुकान सगळ्यालाच लागते: त्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग महिनोन् महिने करून बघायचा. तुझ्या बाबतीत म्हणजे साठ वाट्या एकाच मापाच्या करायच्या, कारण हॉटेलवाल्याला साठही एकसारख्या लागतात, एक जरी मोठी-लहान झाली तरी चालत नाही. माती गाळायची, वाया गेलेली परत भिजवायची. भट्टी भरायची, रिकामी करायची, गवतात बांधून खोक्यात घालायचं. दोन महिने सुट्टीत नुसतं हे केलंस आणि तरी सोमवारी ऑफिसात तुझ्या डोक्यात मातीच असली तर ती आवड खरी आहे.

किर्लोस्करांचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडं ह्या विषयावर कोण बोलत नाही, तूही पत्रात घेतलंस, की लक्ष्मणरावांनी मुंबईची नोकरी सोडली म्हणून एवढं झालं. लक्ष्मणराव आपल्याच जिल्ह्यात गुर्लहोसूरला जन्मले, मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे, हक्काची बढती दुसऱ्याला दिली म्हणून नोकरी सोडून आले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. खरं बेळगावातलं सायकलचं दुकान १८८८ मध्येच निघालं होतं, भाऊ रामूअण्णा इथं ते बघायचे आणि लक्ष्मणराव मुंबईत पगारावर होते. म्हणजे राजीनामा दिला त्या दिवशी पाय टेकवायला जागा आधीच तयार होती, आणि घरातलं माणूस त्या धंद्यात बरोबर होतं. पुढंही सोपं गेलं नाहीच, बेळगावातली जागा सोडावी लागली, औंधच्या राजांनी जागा दिली तेव्हा १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. तुला ह्यातनं घ्यायचं असेल तर राजीनाम्याच्या आधीची वर्षं घे.

मग माझं मत विचारशील तर सरळ सांगते, आत्ता राजीनामा देऊ नकोस. कर्जाची दोन वर्षं राहिलीत, ती ह्या कामाची परीक्षा बघायला वापर. त्यात एक अख्खं वर्ष मातीच्या हिशेबानं जगून बघ: नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या, संक्रांतीला सुगडं, उन्हाळ्यात माठ, आणि मग जून ते सप्टेंबर. खानापूरच्या पावसात वस्तू वाळत नाहीत, बाहेर भट्टी लावता येत नाही, ते चार महिने तू काय करणार आणि काय विकणार ह्याचं उत्तर मिळाल्याशिवाय स्टुडिओचा विचारच नको. पत्र्याची शेड, फळ्यांचे रॅक, थोडी उबेची सोय, एवढ्यावर भागतं का ते एका पावसाळ्यात कळेल. ह्या कामासाठी बँकेत वेगळं खातं काढ, येणारा जाणारा प्रत्येक रुपया त्यातनंच जाऊ दे, पगारातनं महिन्याला किती घालायचे ते ठरव आणि त्याच्यावर एक रुपया नको. वर्षाच्या शेवटी त्या खात्याकडं बघितलं की तुला माझीही गरज लागणार नाही.

शिकायचं म्हणशील तर तुझ्या नशिबानं लांब जायला नको, खादी ग्रामोद्योग आयोगाची सेंट्रल व्हिलेज पॉटरी इन्स्टिट्यूट खानापुरातच आहे, देशभरातल्या कुंभारांसाठी असलेली संस्था तुझ्या दारात आहे आणि तू पत्रात शिकायला पाँडिचेरीला जायचं लिहिलंयस. आधी इथं जाऊन उभा राहा, सध्या कुठलं ट्रेनिंग चालू आहे, मातीची तपासणी होते का ते विचार. ग्लेजबद्दल मात्र कुणाकडनं तरी नीट शिक, शिसं असलेलं ग्लेज खाण्यापिण्याच्या भांड्याला चालत नाही, आंबट पदार्थात ते उतरतं, आणि ह्यात हयगय झाली तर माणसांच्या पोटात विष जातं.

पैशाचं. पीएम विश्वकर्मा योजना २०२३ मध्ये सुरू झाली, त्यातल्या १८ कामांत कुंभारकाम आहे, अवजारांसाठी १५ हजार, ट्रेनिंगच्या दिवसांचे रोज ५००, आणि ५ टक्के व्याजानं पहिल्यांदा १ लाख, ते फेडलं की २ लाखांपर्यंत कर्ज. ही योजना स्वतः हातानं ते काम करून पोट भरणाऱ्याला आहे, म्हणजे आत्ता तुला नव्हे, तुझ्या चुलत्यांना लागू होईल, त्यांनी केलं नसलं तर तू बरोबर जाऊन अर्ज भरून दे, तेवढं त्यांचं देणं लागतोस तू. पुढं तुला स्वतःचा युनिट काढायचा झाला तर पीएमईजीपी, म्हणजे नवीन उद्योगाला कर्ज आणि सबसिडी देणारी केंद्र सरकारची योजना, आहे, खेड्यात ओबीसीला ३५ टक्क्यांपर्यंत सबसिडी आणि स्वतःचे ५ टक्के घालायचे, खरं ती सबसिडी लगेच हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत अडकून राहते आणि मग कर्जात वळती होते, त्यामुळं हप्ता पहिल्या दिवसापासून मोठ्या रकमेचाच धरून चाल. एका घरानं दोन्हीकडं धावायचं म्हटलं तर नियम आडवे येतात, म्हणून कुणाच्या नावावर काय घ्यायचं ते आधी ठरवा, आणि अर्ज भरायच्या वेळचे नियम बँकेत विचारून घ्या. बँकेत, पंचायतीत कागद कन्नडमध्ये असतात, आपल्या मराठी शाळेतल्या पोरांना तिथं दडपण येतं आणि मग एजंट गाठतात. तू ऑफिसात कन्नड बोलतोस, वाचायलाही शिकून घे, सहा महिन्यांत येतं, शिवाय हुबळी-धारवाडचं गिऱ्हाईक त्याच्यावरच मिळेल. गोवा चोर्ला घाटानं जवळ आहे म्हणून सगळे तिकडंच बघतात.

वर्ष-दीड वर्षानं काय बघून ठरवायचं, ते आत्ताच, डोकं शांत असताना लिहून ठेव. मी सुचवते, कमी-जास्त तू कर: सलग सहा महिने खर्च जाऊन ६-७ हजार तरी सुटले पाहिजेत, ओळखीपाळखीचे सोडून निदान तीन ठिकाणचं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा परत आलं पाहिजे, घराचं कर्ज फिटलं पाहिजे, आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला पाहिजे. एवढं झालं तर राजीनामा दे, आणि अप्पांनी विरोध केला तरी दे, मी तुझ्या बाजूनं आहे. नाही झालं तर अजून एक वर्ष घे, किंवा सुट्टीचं काम म्हणून ठेव, त्यात कमीपणा काही नाही, चांगलं काम करणारी पुष्कळ माणसं पोटासाठी दुसरं काहीतरी करतात आणि त्यांचा हात त्यानं काही बिघडत नाही.

हे वाचणाऱ्या मुलींसाठी थोडं वेगळं सांगायला पाहिजे, कारण तुमच्याकडं दोन वर्षं थांबून बघायची सवलत घरातले देतातच असं नाही, मध्येच लग्न ठरतं आणि मग सासरच्यांच्या मर्जीवर सगळं जातं. तुम्ही जे काही शिकताय, करताय, त्याची कमाई लग्नाच्या आधी सुरू करा, कितीही थोडी असू दे, आणि स्वतःच्या नावाच्या खात्यात येऊ दे. दोन हजार कमावणाऱ्या मुलीच्या कामाला ‘छंद’ म्हणून बाजूला सारणं घरच्यांना जरा अवघड जातं. आणि ज्यांच्या घरात आजारपण आहे, एकट्याच्याच पगारावर सगळं चाललंय, त्यांनी हे पत्र वाचून स्वतःला भित्रं समजू नये. आत्ता जमत नाही हेही विचार करून दिलेलं उत्तर आहे, फक्त ‘आत्ता’ कधी संपणार त्याची एक तारीख मनाशी धरून ठेवा, म्हणजे दहा वर्षं अशीच निघून जाणार नाहीत.

राहिलं लग्नाचं. तिच्या घरच्यांना परमनंट मुलगा पाहिजे, आणि तू आज परमनंट आहेस म्हणून गप्प राहून लग्न करून टाकायचं, मग दोन वर्षांनी सांगायचं, असं तुझ्या मनात असलं तर ते काढून टाक. तो तिचा विश्वासघात होईल. मध्यस्थाकरवी निरोप धाडू नकोस, तो त्याचं ‘मुलगा नोकरी सोडणार आहे’ एवढंच करून सांगेल. तिच्याशी स्वतः बोल, फोनवर नको, घरच्यांच्या कानावर घालून भेट. काय करतोयस, कुठवर आलंय, कर्ज किती आहे, कधीपर्यंत नोकरी ठेवणार आहेस आणि कुठले आकडे झाले तर सोडणार आहेस, सगळं सांग. तिला काय करायचंय तेही विचार, तुझ्या पत्रात तिचं शिक्षण आहे, गाव आहे, तिला काय पाहिजे ते कुठं नाही. ती नाही म्हणाली तर दुःख होईल, खरं तो तिचा हक्क आहे. आणि हो म्हणाली तर सगळं माहीत असून म्हणाली असेल.

अप्पांशी बोलायचं ते पाहुण्यांच्या, चुलत्यांच्या समोर काढू नकोस, काकांना मध्ये घालून तर अजिबात नको. शेतात किंवा परड्यात दोघंच असताना बोल, आणि पहिल्याच दिवशी राजीनाम्याचा विषय नको. शेवटचं एक बजावून सांगते, कर्ज फिटेपर्यंत भट्टीसाठी कुणाकडनं हातउसने घेऊ नकोस, आणि पुढं कधी सोसायटीचं कर्ज काढलंस तर जामीन म्हणून अप्पांची सही घेऊ नकोस, घर किंवा जमीन त्यांच्या नावावर असली तर ती गहाण टाकायची नाही. तुझ्या कामाची रिस्क तुझ्याच नावावर राहू दे.